लेखन हा एकट्या मराठीच्या तासाचा विषय नव्हे

आपल्या शाळांतील मुले लिहीत नाहीत, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती खरी आहे असे वाटत नाही. माध्यमिक शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्याचे दप्तर उघडून पाहावे. इतिहासाची वही भरलेली असते, भूगोलाची भरलेली असते. विज्ञानाच्या प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे चार मथळे सुबक अक्षरांत घातलेले असतात. स्वाध्यायाखाली शिक्षकांची तांबड्या शाईतील सही व तारीखही असते. मुले दिवसाकाठी पानेच्या पाने लिहितात. मात्र या पानांपैकी मुलांची स्वतःची अशी फारच थोडी असतात. फळ्यावरचे वहीत येते, मार्गदर्शकातले वहीत येते, आणि वर्गातील एका हुशार विद्यार्थ्याच्या वहीतले उरलेल्या चाळीस वह्यांत जाते. उतरवून घेणे आणि लिहिणे ही दोन भिन्न कामे असताना पहिल्याच कामाला आपण दुसऱ्याचे नाव देऊन बसलो आहोत.

याचा परिणाम दहावीनंतर दिसू लागतो. महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत एक परिच्छेद लिहावयास सांगितले की तो गोंधळतो. नोकरीच्या अर्जात 'आपल्याविषयी थोडक्यात लिहा' अशी ओळ आली की तो मित्राचा अर्ज मागतो. त्याला विषय कळलेला नसतो असे नाही. तोंडी विचारले तर तो बरेच सांगतो. परंतु मनातील विचार क्रमाने मांडून, दुसऱ्याला समजेल असा, कागदावर उतरविण्याची सवय त्याला दहा वर्षांत कोणी लावलेलीच नसते.

जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न निघाला की सर्वांची दृष्टी मराठीच्या शिक्षकाकडे वळते. निबंध, पत्रलेखन, सारांशलेखन हे सारे त्याच्या पदरात टाकलेले आहे. गणिताचे शिक्षक म्हणतात, मुलांना वाक्यच नीट लिहिता येत नाही, मराठीच्या तासाला काय शिकवतात कोण जाणे. विज्ञानाचे शिक्षक त्यांना दुजोरा देतात. मराठीचा शिक्षक बिचारा 'पावसाळ्यातील एक दिवस' आणि 'शाळेचा निरोप घेताना' यांच्या फेऱ्यांत सापडलेला असतो, आणि ते निबंधही मुलांनी पाठ केलेले आहेत हे त्याला ठाऊक असते.

वस्तुतः या विभागणीतच मूळ दोष आहे. मराठीच्या तासाला मुलाला लेखनाची सर्वसाधारण ओळख करून देता येते. परंतु प्रयोगात काय दिसले आणि त्यावरून काय सिद्ध होते हे कसे लिहावे, ते विज्ञानाच्या शिक्षकावाचून कोण शिकविणार? गणितातील एखादी पायरी का घेतली याचे कारण शब्दांत कसे मांडावे, हे गणिताच्या तासालाच शिकता येते. इतिहासात पुरावा आणि तर्क वेगळे ठेवून लिहावे लागते. भूगोलात स्थळ, कारण आणि परिणाम यांची साखळी जोडावी लागते. प्रत्येक विषयाची विचार करण्याची रीत निराळी, म्हणून लिहिण्याची रीतही निराळी. ती ज्याची त्यानेच शिकवावयास हवी.

पिंपळनेरचे उदाहरण

हा प्रश्न महाराष्ट्रभरचा असला तरी खानदेशच्या पश्चिम टोकास तो अधिक तीव्र होतो. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे पिंपळनेर हे पांझरा नदीच्या काठचे बाजारपेठेचे गाव. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आणि कोकणा, मावची, भिल्ल समाजाच्या वस्त्या. पूर्वेला अहिराणी बोलणारा खानदेशचा सपाट मुलूख. अशा गावातील शाळेत एकाच बाकावर बसणाऱ्या तीन मुलांच्या घरी तीन बोली असू शकतात. पाठ्यपुस्तकातील मराठी ही त्यांपैकी कोणाच्याच आईची भाषा नसते. पुण्याच्या मुलाला जी भाषा घरात कानावर पडते, ती या मुलांना शाळेच्या दारातच प्रथम भेटते.

अशा मुलाने विज्ञानाच्या वहीत 'सावलीमा पानी जास्ती शे' असे लिहिले, तर काय होते? 'मा' आणि 'शे' यांवर तांबडी रेघ येते. पण उन्हात ठेवलेल्या वाटीतले पाणी लवकर आटले आणि सावलीतले मागे राहिले, हे त्याने स्वतः पाहून टिपले आहे, त्याचे निरीक्षण अचूक आहे, ही गोष्ट त्या रेघेखाली झाकली जाते. पुढच्या वेळी तो मुलगा शहाणा होतो; स्वतःचे काही न लिहिता फळ्यावरचे निर्दोष वाक्य उतरवून घेतो. वही स्वच्छ होते आणि निरीक्षण संपते. प्रमाण मराठी शिकवू नये, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. 'सावलीत पाणी जास्त आहे' हे त्याला लिहिता आलेच पाहिजे. प्रश्न क्रमाचा आहे. आधी त्याने जे पाहिले त्याची दाद द्यावी, मग ते वाक्य त्याच्याकडूनच प्रमाण भाषेत करून घ्यावे.

ज्या बोलीवर आपण वहीत रेघ मारतो, त्या बोलींत केवढे सामर्थ्य आहे, हे खानदेशाला सांगावयास नको. बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या आणि कविता घरच्यांनी कागदावर टिपून ठेवल्या म्हणून त्या उरल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आल्या. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. टिपून घेणारा माणूस घरात नसता तर ते काव्य त्यांच्याबरोबरच गेले असते. आजच्या मुलामुलींच्या बाबतीत टिपून घेणारा दुसरा कोणी असण्याची आवश्यकता राहू नये, यासाठीच तर शाळा आहे.

दुसऱ्याच्या हातचा अर्ज

लेखनाची ही उणीव केवळ परीक्षेतील गुणांपुरती असती तर तिचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. तहसील कचेरीच्या आवारात बाजाराच्या दिवशी उभे राहावे. दहावी, बारावी झालेले तरुणही आपले म्हणणे दुसऱ्याकडून लिहून घेताना दिसतील. पीकविम्याची तक्रार, सातबाऱ्यावरील नोंदीची दुरुस्ती, शिष्यवृत्ती न मिळाल्याचे निवेदन या प्रत्येक कागदात अर्जदाराची हकिगत लिहिणाऱ्याच्या ठरावीक साच्यात बसविली जाते. जे विशेष, जे खरे महत्त्वाचे, ते बहुधा त्या साच्याबाहेर राहते.

वनहक्काचे उदाहरण याहूनही बोलके आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे दावा करणाऱ्याला आपण ही जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसतो आहोत हे दाखवावे लागते. त्यासाठी जे पुरावे नियमांत मान्य केले आहेत, त्यांत दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले कथनही आहे. म्हणजे आजोबांनी सांगावे आणि कोणीतरी ते नीट लिहावे: कोणता नाला, कोणते झाड, कोणत्या दुष्काळाच्या वर्षी कोणते पीक, बांध कोणी घातला. साक्रीच्या पश्चिम भागातील पाड्यांवर अशी माणसे आहेत आणि त्यांच्या घरात शाळेत जाणारी नातवंडेही आहेत. त्या नातवाने इतिहासाच्या तासाला एखाद्या वृद्धाची हकिगत ऐकून, प्रश्न विचारून, काळाच्या क्रमाने लिहिण्याचा सराव केला असेल तर ते कथन भक्कम होईल. त्याने दहा वर्षे फक्त 'थोडक्यात उत्तरे' उतरविली असतील, तर त्याच्याच आजोबांचे बोलणे त्याला कागदावर आणता येणार नाही.

एक बंधारा, पाच विषय

सर्व विषयांतून लेखन म्हणजे काही नवा अभ्यासक्रम आणावयाचा आहे असे नाही. पिंपळनेरच्या शाळेला त्यासाठी गावाबाहेरही फारसे जावे लागणार नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत फडपद्धती नावाची जुनी सिंचनव्यवस्था आहे. नदीत बंधारा घालून पाणी पाटाने शेतांकडे न्यावयाचे. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडावयाचे. एका फडात एका हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. पाण्याची पाळी पाटकऱ्याने सांभाळावयाची आणि बाकीचा कारभार शेतकऱ्यांनी आपल्याच नियमांनी चालवावयाचा. शेकडो वर्षे टिकलेली ही व्यवस्था पुढे नद्यांवर धरणे झाल्यावर आणि विहिरी वाढल्यावर बऱ्याच ठिकाणी क्षीण झाली. तरीही तिच्या खुणा आणि ती जाणणारी माणसे अजून आहेत.

भूगोलाच्या शिक्षकांनी विचारावे: बंधारा नदीच्या याच वळणावर का घातला असेल? तुम्हांला काय दिसते ते आधी लिहा, मग कारण लिहा. विज्ञानाच्या शिक्षकांनी विचारावे: कोणतेही यंत्र नसताना पाणी एवढ्या लांब कसे जाते, आणि वाटेत कमी का होते? येथे उतार, झिरपणे, बाष्पीभवन हे शब्द मुलांना व्याख्येसाठी नव्हे तर स्वतःच्या वाक्यासाठी लागतील. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांनी पाण्याच्या वाटपाचे पाच नियम लिहावेत आणि त्यांतील एक नियम न्याय्य का वाटतो किंवा का वाटत नाही, ते सांगावे. इतिहासाच्या तासाला प्रश्न असा: हा बंधारा किती जुना आहे हे कसे ठरवाल? दगडी बांधकाम काय सांगते, जुने कागद काय सांगतात, म्हातारी माणसे काय सांगतात, आणि या तिघांत विरोध आला तर कोणावर विश्वास ठेवाल?

गणिताचे उदाहरण मुद्दाम शेवटी घेतो, कारण गणितात लिहावयाचे काय, असा प्रश्न अनेकांना पडतो. समजा, एका फडात १८ एकर जमीन आहे आणि पाटाच्या पाण्याने दिवसाला ३ एकर भिजते. सगळा फड भिजण्यास ६ दिवस लागतील, हे मूल चटकन सांगेल. आता पुढे विचारावे: उन्हाळ्यात पाटाचे पाणी निम्मे झाले तर काय होईल आणि का, ते चार वाक्यांत लिहा. मग त्याला १२ दिवस काढून थांबता येणार नाही. पहिल्या शेताची दुसरी पाळी कधी येईल, तोवर कोणते पीक तग धरील आणि कोणते करपेल, पुढच्या हंगामात त्या फडात काय पेरावे, असा विचार त्याला करावा लागेल. व्यस्त प्रमाण हा धडा तेव्हा त्याला खरा समजेल.

अपूर्णांकांचेही तसेच आहे. अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश असे उत्तर अनेक मुले काढतात. त्यावर फुली मारली की ती उत्तर खोडून योग्य उत्तर उतरवितात आणि पुढच्या परीक्षेत तीच चूक करतात. त्याऐवजी विचारावे: अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा घातला आणि भाकरी अर्ध्याहून कमी झाली, हे कसे, ते लिहा. दोन पंचमांश हे अर्ध्याहून कमी आहेत, हे मुलाच्या ध्यानात स्वतःच्या वाक्यामुळे येते. ही दुरुस्ती टिकते, कारण ती त्याने स्वतः केलेली असते. लिहिताना विचाराची गती मंद होते, आणि मंद झालेल्या विचारातच चूक दिसते. लेखन हे शिकलेले दाखविण्याचे साधन आहे, असे आपण मानतो. ते शिकण्याचेच साधन आहे, हे या उदाहरणांवरून लक्षात यावे.

आपली परंपरा

ही कल्पना परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. खानदेशातच तिची उत्तम उदाहरणे आहेत. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. त्या छात्रालयात त्यांनी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले आणि १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. वसतिगृहातील मुलांपर्यंत इतिहास, बाहेरच्या जगातील घडामोडी, थोरांची चरित्रे हे सारे रोजच्या ताज्या लेखनातून पोहोचत होते. लेखन हे निबंधाच्या तासाचे नसून रोजच्या जगण्याचे काम आहे, हे त्या मुलांना कोणी वेगळे सांगण्याची गरज उरली नसेल.

दुसरे उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातले. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे, विनोबांनी तेथे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. बोलण्याच्या वेगाबरोबर राहून विचाराचा धागा न सोडता लिहिणे यासाठी ऐकणाऱ्याला विषय समजलेला असावा लागतो. आज आपल्या वर्गात शिक्षक 'लिहून घ्या' म्हणतात आणि एकेक शब्द थांबत थांबत सांगतात. त्यात मुलाला समजण्याची आवश्यकताच नसते. शिक्षकांनी दहा मिनिटे बोलावे आणि मुलांनी त्यातले महत्त्वाचे आपल्या शब्दांत टिपावे, हा सराव त्याहून कितीतरी मोलाचा आहे, आणि तो सर्व विषयांत करता येतो.

आणखी मागे गेले तर पुण्याचे उदाहरण आठवते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. शाळेत येऊन तिला काही थोडीच वर्षे झाली होती. तिच्यापुढे कोणाचा तयार निबंध नव्हता. तिच्याजवळ सांगण्याजोगे होते, आणि ते लिहावे असे सांगणारे शिक्षक तिला लाभले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या शाळेला जे शक्य झाले, ते आजच्या शाळेला का होऊ नये?

बाहेर काय घडले

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा पद्धतशीर विचार १९७५ साली झाला. सर अ‍ॅलन बुलक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपल्या अहवालात अशी शिफारस केली की, प्रत्येक शाळेने सर्व विषयांतून भाषा कशी शिकवावयाची याचे एक निश्चित धोरण ठरवावे आणि प्रत्येक शिक्षकाने त्यात भाग घ्यावा. त्याच सुमारास जेम्स ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ ते १८ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांच्या सुमारे २,००० लेखांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील जवळजवळ निम्मे लेखन केवळ 'परीक्षक' या नात्याने वाचणाऱ्या शिक्षकासाठी केलेले होते. स्वतःला काही उमगावे म्हणून, किंवा खरोखर जाणून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकासाठी केलेले लेखन फार थोडे आढळले. इंग्लंडच्या मुलांची ही स्थिती, मग आपल्या वह्यांची काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आपल्याकडेही कागदावर सारे मान्य झालेले आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने, विज्ञानाचा किंवा गणिताचा तास हा भाषेचाही तास असतो, हे तत्त्व स्वीकारले. २०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात 'अभ्यासक्रमभर भाषा' अशा आशयाचा एक विषयही आला. भावी शिक्षक त्या विषयाची परीक्षा देतात. बहुधा त्याही विषयाच्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती निघत असाव्यात.

कोऱ्या पानांची कथा

महाराष्ट्रात अलीकडेच झालेला एक प्रयोग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. मार्च २०२३ मध्ये शालेय शिक्षण विभागाने पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने घालण्याचा निर्णय घेतला. २०२३-२४ या वर्षी दुसरी ते आठवीची पुस्तके भाग पाडून, प्रत्येक पाठानंतर 'माझी नोंद' या मथळ्याची पाने जोडून मुलांच्या हाती आली. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि पाठातील महत्त्वाचे मुद्दे, शब्दार्थ, सूत्रे मुलांनी तेथेच टिपावीत, हा हेतू होता. जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय रद्द झाला. मुले त्या पानांचा अपेक्षेप्रमाणे उपयोग करीत नाहीत, वह्या पूर्वीसारख्याच आणतात, असे आढळून आले होते.

या प्रयोगावर कागदाच्या खर्चाच्या आणि दप्तराच्या वजनाच्या अंगाने पुष्कळ चर्चा झाली. आमच्या मते खरा धडा निराळा आहे. 'माझी नोंद' हा मथळा अतिशय सुंदर होता. सर्व विषयांच्या पुस्तकांत, प्रत्येक पाठामागे, मुलाच्या स्वतःच्या लेखनासाठी राखून ठेवलेली जागा, अशी तरतूद यापूर्वी कधी झाली नव्हती. पण नोंद म्हणजे काय, ती गणितात कशी करावयाची आणि इतिहासात कशी, ती कोण वाचणार, हे मुलांना दाखविण्याची व्यवस्था त्या पानांबरोबर आली नाही. स्वतःचे काही लिहिण्याची सवय नसलेल्या मुलापुढे कोरे पान ठेवले तर ते कोरेच राहणार. पाने काढून टाकल्याने तो प्रश्न सुटलेला नाही.

शिक्षकांच्या अडचणी

यावर शिक्षक जे आक्षेप घेतील ते खोटे नाहीत. वर्गात पन्नास मुले. अभ्यासक्रम पुरा करावयाचा. त्यात निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे. एवढ्यात पन्नास वह्या रोज कोण तपासणार?

रोज पन्नास तपासू नयेत. तासाच्या शेवटची पाच मिनिटे राखून मुलांना दोन-तीन वाक्ये लिहावयास सांगावीत: आज काय समजले, काय समजले नाही, अमुक गोष्ट का घडते. त्यांतील दहा वह्या शिक्षकांनी घेऊन जाव्यात. एका वहीला दोन मिनिटे धरली तर वीस मिनिटांचे काम आहे. पाच दिवसांत सारा वर्ग वाचून होतो. प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करीत बसू नये. त्या दिवशी एकच गोष्ट पाहावी. आज कारण दिले आहे का एवढेच, उद्या शब्द नेमका आहे का एवढेच. सही आणि तारीख यांऐवजी एक खरा प्रश्न खाली लिहावा: 'हे तू स्वतः पाहिलेस का?' किंवा 'असेच दुसरीकडे होईल का?' मुलाला आपले लिहिलेले कोणीतरी वाचले आहे हे कळले, की त्याचे पुढचे वाक्य निराळे येते. शिवाय ही पाच मिनिटे शिक्षकालाही परत मिळतात, कारण आजचा धडा कोणाला कोठे अडला हे त्याला घटक चाचणीपर्यंत थांबावे न लागता त्याच दिवशी समजते.

दुसरा आक्षेप असा की, भाषेच्या चुका काढणे हे गणिताच्या शिक्षकाचे काम नाही. हे पूर्णतः मान्य आहे. त्यांनी शुद्धलेखन शिकवावे अशी कोणाची अपेक्षा नाही. आपल्या विषयातील विचार मुलाच्या वाक्यात बरोबर उतरला आहे की नाही, एवढेच त्यांनी पाहावे; ते त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाला पाहताही येणार नाही.

तिसरी अडचण परीक्षेची. परीक्षेत जे विचारले जाते तेच शाळा शिकविते, हे कटू असले तरी खरे आहे. बोर्डाच्या प्रश्नपत्रिका शाळेच्या हातात नसल्या तरी घटक चाचणी आणि सहामाही शाळेच्याच हातात आहेत. प्रत्येक विषयाच्या चाचणीत एक प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात आयते छापलेले नाही, आणि ज्यात निष्कर्षाइतकेच गुण कारणाला आहेत.

आता तर एक नवीनच अडचण उभी राहिली आहे. आजोबांच्या काळात तयार उत्तरांसाठी मार्गदर्शक विकत घ्यावे लागे. आज खिशातील फोन कोणत्याही विषयावर निर्दोष निबंध क्षणात तयार करून देतो. त्यामुळे लेखन शिकविण्यात अर्थ उरला नाही, असे काही जण म्हणू लागले आहेत. या युक्तिवादाने उतरवून घेण्याचे मोल मात्र खरोखर संपले. जे यंत्र क्षणात देते ते मुलांनी तासभर उतरवीत बसावे यात आता काय हशील? याउलट पांझरेच्या बंधाऱ्यावर उभे राहून जे दिसले, आजीने दुष्काळाची जी हकिगत सांगितली, स्वतःच्या बेरजेत चूक कोठे झाली, हे त्या मुलावाचून कोणाजवळच नाही. यंत्राने लिहिलेले खरे की खोटे हे पारखावयाचे झाले तरी, जो स्वतः कारण मांडून लिहू शकतो त्यालाच ते पारखता येईल.

प्रारंभ कोठून करावा

यासाठी मंत्रालयातून परिपत्रक येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. परिपत्रकाने पाने येतात आणि परिपत्रकाने ती जातात, हे आपण नुकतेच पाहिले आहे. हे काम एका शाळेला एका सभेत ठरविता येण्याजोगे आहे. मुख्याध्यापकांनी पुढील सत्राच्या पहिल्या शिक्षकसभेत आठवीच्या एकाच मुलाच्या सर्व विषयांच्या वह्या टेबलावर ठेवाव्यात आणि सर्व शिक्षकांनी मिळून त्या चाळाव्यात. या एवढ्या पानांत या मुलाचे स्वतःचे वाक्य कोठे आहे, एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर मिळाल्यावर पाच मिनिटे कोणत्या तासांना राखावयाची, आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक विषयात कोणत्या एका प्रकारचे लेखन करून घ्यावयाचे, हे त्याच बैठकीत ठरवावे. मराठीच्या शिक्षकाने त्यात इतरांना साहाय्य करावे. त्याचे ओझे मात्र आता सर्वांनी वाटून घ्यावयास हवे.

ज्या शाळा वार्षिक हस्तलिखित काढतात, त्यांनी यंदा त्यातील कविता आणि सुविचार थोडे कमी करून गणिताचे एक, विज्ञानाचे एक आणि गावातील एखाद्या वृद्धाच्या आठवणींचे एक अशी मुलांची पाने त्यात घालावीत. पिंपळनेरच्या एखाद्या वर्गाने फडपद्धतीवर असे हस्तलिखित केले, तर ते केवळ शाळेच्या कपाटात राहण्याजोगे होणार नाही. पाण्याचे वाटप कसे चालत होते हे जाणणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. तिच्याजवळचे ज्ञान टिपून घेण्याचे काम त्याच गावातील तेरा-चौदा वर्षांची मुले करू शकतील; मात्र त्यासाठी त्यांच्या शिक्षकांनी त्यांना फळ्यावरून नजर काढून स्वतःच्या वहीकडे वळविले पाहिजे.